घंटा वाजली की घरी फोन

ताई : ...पाकीट उघडा, असं मी म्हणतच नाहीये. माझ्या वाट्याला कोणते शब्द आलेत तेवढं तोंडी सांगा. म्हणजे कागद कागदाच्या जागी आणि तुम्ही तुमच्या जागी.

प्रूफकाका : आणि तुम्ही?

ताई : मी काय, आले तशी जिना उतरून जाईन. कुणी पाहिलेलं नाही. खालच्या बाइंडिंगवाल्याला वाटलं, मी जुन्या डायऱ्या शिवायला आलेय.

प्रूफकाका : बाई, बत्तीस वर्षं मी वर्तमानपत्रात मुद्रितं तपासली. निवडणुकीचे निकाल, परीक्षांचे निकाल, सगळं आदल्या दिवशी माझ्या बोटाखालून गेलं. सख्ख्या मेव्हण्याच्या मुलाचा निकालसुद्धा मी आधी फोडला नाही. नापास होता बिचारा. मग शुद्धलेखनाच्या स्पर्धेसाठी कशाला फोडू?

ताई : अहो, स्पर्धा कसली, करमणूक आहे ती! चार पुढारी आणि चार पत्रकार उद्या संध्याकाळी मंचावर उभे राहून शुद्धलेखन सांगणार. लोक तिकीट काढून आम्हाला हसायला येणार. त्यातून कर्णबधिर मुलांच्या शाळेला बस मिळणार. शब्द चुकला तरी बस येणार, बरोबर आला तरी येणार.

प्रूफकाका : मग चुका की खुशाल. पुढाऱ्यांनी चुकावं म्हणूनच तर तिकिटं खपलीत.

ताई : तेच तर नकोय. मला एकदाही चुकायचं नाहीये.

प्रूफकाका : हौस दांडगी आहे.

ताई : हौस नाही हो... चहा तरी विचाराल की नाही?

प्रूफकाका : विचारला असता. दूध एकट्यापुरतंच असतं.

ताई : कोरा चालेल. बरं, तुमचं काही काम अडलंय का कुठे? पेन्शन, पाण्याचं कनेक्शन, काहीही?

प्रूफकाका : ताई, नगराध्यक्षाच्या खुर्चीवरून उतरून तुम्हाला तीन वर्षं झाली. आता तुम्हाला कुणाचं काम करताही येत नाही आणि अडवताही येत नाही.

ताई : फार सरळ बोलता बाई तुम्ही.

प्रूफकाका : खुर्चीवर असतानाही असाच बोललो असतो. पण तेव्हा तुम्ही आला नाहीत.

ताई : कशी येणार? तुमच्या पेपरनं मला सोडलं होतं का कधी? त्या भाषणाचं काय केलंत आठवा. लिहून देणाऱ्या मेल्यानं मध्येच कंसात लिहिलं, 'इथे टाळ्यांसाठी थांबणे', आणि मी तेही वाचलं. पहिल्या पानावर छापलंत. चौकटीत!

प्रूफकाका : आठवतंय. मीच तपासलं होतं.

ताई : गाळता आलं असतं.

प्रूफकाका : गाळणं माझं काम नव्हतं. कंस मात्र नीट बंद केला होता.

ताई : हसताय काय? नाही, हसा, हसा. बरेच दिवस झाले, कुणी समोर बसून हसलं नव्हतं.

प्रूफकाका : घ्या, कोरा चहा. आणि आता खरं सांगा. चुकायची एवढी धास्ती कशाची घेतलीय?

ताई : नियम वाचलाय ना तुम्ही? पहिल्यांदा अडखळलं की घंटा. घंटा वाजली की स्पर्धकाच्या घरी फोन, तिथूनच, सगळ्या सभागृहाला ऐकू येईल असा. मग घरच्या माणसानं अक्षरं सांगायची.

प्रूफकाका : वाचलाय. पोरखेळ आहे.

ताई : पोरखेळ असेना का, गाजला तो माझ्यामुळे. गेल्या वर्षी मी दुसऱ्याच शब्दाला अडखळले. घरी फोन लागला. उचलला माझ्या थोरल्या बहिणीनं, अक्कानं. चोवीस वर्षं माझ्या घरचा फोन तिनंच उचलला. मी म्हटलं, "अक्का, मी बोलतेय." तर म्हणते कशी, "ताई मिटिंगला गेल्यात. नाव आणि काम सांगून ठेवा."

प्रूफकाका : तुम्हालाच?

ताई : मलाच! मी म्हटलं, "अगं, मीच ताई." तर म्हणाली, "सगळे असंच म्हणतात," आणि ठेवून दिला! सभागृह पाच मिनिटं हसत होतं. लोकांनी जागेवरून उठून पेटीत नोटा टाकल्या. म्हणून यंदा पत्रिकेवरच मोठ्या अक्षरांत छापलंय, 'घंटा वाजली की घरी फोन.'

प्रूफकाका : आणि यंदा फोन उचलायला अक्का नाहीत.

ताई : तुम्हाला... कुणी सांगितलं तुम्हाला? मी कुणाला कळवलंच नाही.

प्रूफकाका : सात महिने झाले. सातवं पान, अगदी तळाला, चार ओळी. तुमचं नाव नव्हतं, पण पत्ता होता. तो पत्ता मी इतक्या वर्षांत इतक्या वेळा तपासलाय की झोपेतही सांगेन.

ताई : बातमी मी दिली नव्हती. स्मशानातल्या नोंदीवरून घेतली असेल त्यांनी. मी वाचलीही नाही.

प्रूफकाका : बरं झालं. वय सात छापलं होतं. पुढचा आकडा गळला होता. मी पेन्सिलीनं तिथे खूण करून ठेवलीय. आकडा कळेपर्यंत जागा मोकळी सोडायची असते.

ताई : अंक आहे तुमच्याकडे अजून?

प्रूफकाका : सगळेच असतात. काय वय होतं?

ताई : एकाहत्तर.

प्रूफकाका : थांबा, लिहितो. झालं. आता बरोबर आहे.

ताई : कशाला केलंत? कोण बघणारे ते?

प्रूफकाका : कुणी नाही. पण बाईमाणसाला सात वर्षांचं कसं राहू द्यायचं?

ताई : हं. तिनं स्वतः ऐकलं असतं तर पोट धरून हसली असती. कळवलं असतं ना मी, तर सगळे आले असते. हार घेऊन, फोटोवाले घेऊन. अक्काला पुढारी मुळीच आवडायचे नाहीत. मला म्हणायची, "तुझ्यासकट." आता सात महिन्यांनी कुठल्या तोंडानं सांगू? ती टीव्हीवरची मुलगी निवेदन करणार आहे. तिला कळलं तर दोन मिनिटं शांतता पाळायला लावेल आणि लगेच म्हणेल, "आता होऊन जाऊ द्या जोरदार टाळ्या!"

प्रूफकाका : मग जाऊ नका.

ताई : वर्षभरात आलेलं एवढं एकच निमंत्रण आहे. पूर्वी दारात चपलांचा ढीग असायचा, ओलांडून आत जावं लागायचं. आता एखादी चप्पल दिसली तर वाटतं, चोर शिरला की काय. फोन वाजतो तो बँकेचा. परवा तर त्या पोरालाच मी बोलण्यात गुंतवून ठेवलं. शेवटी तोच कंटाळून म्हणाला, "मॅडम, मला दुसरेही फोन करायचे असतात."

प्रूफकाका : तुमच्या त्या पीएला बसवा घरी. नाही तर शेजारणीला.

ताई : पीए आता नव्या नगराध्यक्षांचा पीए आहे. आणि शेजारीण? वीस वर्षं आमच्या कार्यकर्त्यांच्या गाड्यांनी तिला धड दार उघडू दिलं नाही. ती माझ्या घरी येऊन बसेल होय? म्हणून म्हणते, माझे शब्द सांगा. रात्रभर पाठ करीन, पण घंटा वाजू देणार नाही. माझ्या घरी कुणी नाही हे मला ठाऊक आहे हो. त्याची सवय करतेय मी. पण रिकाम्या घरात वाजत राहिलेला फोन अकराशे लोकांच्या बरोबर बसून ऐकायचा, तोही लाउडस्पीकरवर... ते नाही व्हायचं माझ्याच्यानं.

प्रूफकाका : वाईट वाटतंय मला. खरंच वाटतंय. पण शब्द नाही सांगणार.

ताई : एवढं ऐकूनही?

प्रूफकाका : तो हँगरवरचा शर्ट बघा. तीन दिवसांपूर्वी इस्त्री करून आणलाय. आणि त्याच्यावर ते पोस्टर. परीक्षक म्हणून माझं नाव आहे. जन्मले किती, पास झाले किती, निवडून आले किती, मेले किती, साऱ्या गावाची नावं मी तपासली. माझं स्वतःचं नाव पहिल्यांदा छापलं गेलंय. आणि चक्क बरोबर छापलंय. ते मी असं नासवू?

ताई : नाही. नका नासवू. माझंच चुकलं, मी यायलाच नको होतं. या दोन खुर्च्या अशा समोरासमोर का हो? मध्ये टेबल, दिवा... कुणी येतं का अजून?

प्रूफकाका : मुद्रित तपासायला तेव्हा दोघं लागायची. एकानं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा, स्वल्पविराम, पूर्णविराम, सगळं उच्चारत. दुसऱ्यानं छापील कागदावर बोट ठेवून ऐकायचं. बायको वाचायची, मी ऐकायचो. सव्वीस वर्षं आम्ही असे बसलो. ऑफिसनं जुनं टेबल काढून टाकलं तेव्हा मी ते घरी आणलं.

ताई : भाग्यवान आहात. दिवसभर बायकोचा आवाज कानावर.

प्रूफकाका : आवाज तिचा, बोलणं दुसऱ्यांचं. बाजारभाव, अपघात, तुमची भाषणं. घरी आलो की ती म्हणायची, "जीभ दुखतेय, आता गप्प बसू या." बसायचो गप्प. म्हटलं, निवृत्त झालो की बोलू सावकाश. निवृत्त झालो आणि चौथ्या महिन्यात गेली. आठ वर्षं झाली.

ताई : मुलं?

प्रूफकाका : नाहीत. आता मीच वाचतो मोठ्यानं. विजेचं बिलसुद्धा स्वल्पविरामासकट वाचतो. ऐकायला समोर कुणी नसतं, तेवढाच फरक.

ताई : येते मी. मी काही मागितलं नाही, तुम्ही काही ऐकलं नाही.

प्रूफकाका : जपून उतरा. चौथी पायरी खचलीय.

*

निवेदिका : बोला प्रूफकाका, बोला! मी सभागृहातच आहे, सकाळपासून माइकवाल्यांशी डोकेफोड करतेय. संध्याकाळी तुम्हाला घ्यायला गाडी किती वाजता पाठवू?

प्रूफकाका : गाडी पाठव, पण पाकीट न्यायला. मी येत नाहीये.

निवेदिका : काय?

प्रूफकाका : गुडघा धरलाय. जिना उतरवत नाही.

निवेदिका : काका, असं नका ना करू! दोघं पोरं पाठवते, खुर्चीत बसवून उचलून आणतील तुम्हाला.

प्रूफकाका : वरात काढू नकोस माझी. पाकीट सीलबंद आहे. त्या भाषेच्या प्राध्यापक बाई पाहुण्या म्हणून येणारच आहेत, त्यांना परीक्षक कर. शब्द सोपे आहेत, अर्थही लिहून दिलेत.

निवेदिका : अहो, पण पोस्टर! गावभर लागलंय. तुमच्या नावावर आता कागदाची पट्टी चिकटवावी लागेल.

प्रूफकाका : चिकटवा.

निवेदिका : वाईट वाटेल हो तुम्हाला.

प्रूफकाका : सरळ चिकटवा म्हणजे झालं. आणखी एक काम आहे. त्या माजी नगराध्यक्ष ताई आहेत ना, त्यांच्या फॉर्मवरचा घरचा नंबर बदललाय. नवा लिहून घे.

निवेदिका : बरं झालं सांगितलंत! तोच फोन तर आमचा हुकमाचा एक्का आहे. पण हे तुम्हाला कसं कळलं?

प्रूफकाका : काल निरोप आला होता माझ्याकडे. परीक्षक होतो ना मी, कालपर्यंत.

निवेदिका : सांगा, लिहितेय. आणि गुडघ्याला शेक द्या.

*

(त्याच दिवशी संध्याकाळी, भरलेल्या सभागृहाच्या मंचावर. फोन लाउडस्पीकरला जोडलेला.)

निवेदिका : तीन शब्द सलग बरोबर! मंडळी, पत्रकारांच्या बाकावर चुळबुळ सुरू झालीय बरं का. ताई, तुमचा चौथा शब्द : उज्ज्वल.

ताई : उज्ज्वल. उ... मग अर्धा ज... मग व, मग ल.

निवेदिका : आणि ही घंटा! अरेरे ताई, जन्मभर उज्ज्वल भविष्याचं आश्वासन दिलंत आणि लिहायची वेळ आली तर ज कमी पडला! हरकत नाही. मंडळी, घंटा वाजली की काय? सगळे मिळून म्हणा... घरी फोन!

ताई : नको, फोन नको. मी बाद झाले असं धर.

निवेदिका : असं कसं? लोक त्यासाठीच आलेत!

ताई : ऐक ना बाळा, जरा माइक बाजूला घे. घरी...

निवेदिका : लागला, लागला! पहिली रिंग... दुसरी... मंडळी, यंदा अक्का काय म्हणतात बघू या... तिसरी... चौथी... स्वयंपाकघरात असतील...

ताई : बंद कर गं. हात जोडते तुला. सांगते मी, सगळ्यांसमोर सांगते. माझ्या घरी आता कुणी...

प्रूफकाका : हॅलो स्वल्पविराम कोण बोलतंय प्रश्नचिन्ह.

निवेदिका : काय म्हणालात?

प्रूफकाका : माफ करा. बोलायचं ते कागदावर लिहून ठेवलं होतं, लिहिलं तसंच वाचलं गेलं. हॅलो. कोण बोलतंय?

निवेदिका : हसू आवरा मंडळी, मला ऐकू येत नाहीये! नमस्कार, आम्ही शुद्धलेखन स्पर्धेतून बोलतोय. तुम्ही ताईंच्या घरून बोलताय ना?

प्रूफकाका : घरूनच बोलतोय.

निवेदिका : अक्का नाहीत का?

प्रूफकाका : अक्का नाहीत. मी आहे.

निवेदिका : आपण ताईंचे कोण?

प्रूफकाका : मी... घरचाच.

निवेदिका : एक मिनिट. हा आवाज मी आज सकाळीच... आपण ते...

प्रूफकाका : फोनवर सगळ्या म्हाताऱ्यांचे आवाज सारखेच येतात, पोरी.

निवेदिका : ...हो. येतात खरे. मंडळी, लाइन जरा खराब आहे. ताई, माइक घ्या. तीस सेकंद आहेत तुमच्याकडे.

ताई : मी... मी बोलतेय.

प्रूफकाका : ओळखलं. तुम्ही मिटिंगला गेलाय असं मी म्हणणार नाही.

ताई : इथे यायचं सोडून तुम्ही घरी काय करताय?

प्रूफकाका : फोनपाशी बसलोय. दुपारपासून.

ताई : आणि तो शर्ट?

प्रूफकाका : घातलाय. इस्त्री कशाला वाया घालवायची?

निवेदिका : ताई, पंधरा सेकंद. शब्द विचारा.

ताई : उज्ज्वल. त्यात ज किती येतात हो?

निवेदिका : दहा सेकंद.

प्रूफकाका : मला येत नाही.

ताई : तुम्हाला येत नाही?

प्रूफकाका : नाही. मला नाही सांगता येणार. कच्चाच आहे मी शुद्धलेखनात.

निवेदिका : वेळ संपली, आणि... ताई बाद. मंडळी, घरच्यांनीही हात टेकले! पण एवढा वेळ फोनजवळ थांबल्याबद्दल त्यांच्यासाठी टाळ्या होऊ द्या. मनापासून सांगतेय. आता पत्रकारांचे कर्णधार पुढे या... ताई, तुम्ही ठेवू नका फोन. मी लाउडस्पीकर काढलाय. तिकडे पडद्यामागे जाऊन बोला. घाई नाही.

ताई : हॅलो? आहात ना?

प्रूफकाका : आहे.

ताई : चाळीसच्या चाळीस शब्द तुम्ही काढलेत आणि येत नाही म्हणता! समोर तुमच्या पेपरची अख्खी रांग बसलीय. कुणी ओळखलं असतं म्हणजे?

प्रूफकाका : ओळखू दे. पाकिटातलं सांगायचं नाही, आणि फोन तर उचलायचा. दुसरं काय बोलणार होतो? फार हसले का?

ताई : हसले. पण माझ्यावर नाही, तुमच्यावर.

प्रूफकाका : मग ठीक झालं.

ताई : तुमच्या नावावर पट्टी चिकटवलीय त्यांनी. येताना फाटकापाशी पाहिली. मला वाटलं, माझ्यामुळे रागावून आला नाहीत.

प्रूफकाका : सरळ चिकटवलीय का?

ताई : वाकडी आहे. अहो, चार रिंग होईपर्यंत का थांबलात? जीव गेला माझा.

प्रूफकाका : पहिल्या रिंगला हात उचलेचना. फार दिवसांनी वाजत होता. थोडा वेळ नुसता ऐकला.

ताई : मला बोलायचंय. अक्काबद्दल. शेवटच्या दिवशी काय झालं, ती काय म्हणाली, काहीच मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. सात महिने तोंडात धरून बसलेय.

प्रूफकाका : बोला. मी ऐकतो.

ताई : फोनवर नाही जमायचं.

प्रूफकाका : मग इकडे या.

ताई : उशीर होईल मला. अजून बक्षिसं, आभार, फोटो, सगळं बाकी आहे.

प्रूफकाका : होऊ दे. सावकाश या. मी घरीच आहे.